साठवण आणि संयम

घरात वस्तू वाढतात तेव्हा त्या दिसतात. कपाट भरते, माळा भरतो. संगणकात साठलेला परिग्रह मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो एवढेच करतो, की यंत्र सुरू करून चहा पिऊन परत यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते.

सांगलीतील एका कुटुंबात गेल्या कार्तिकात असेच घडले. आजोबांचा संगणक जुना. पाठशाळेतील मुलांसाठी त्यांनी अनेक वर्षे लिहिलेले पाठ त्यात होते. यंत्र उघडायला दहा मिनिटे लागू लागली, तेव्हा 'भंगारात देऊ, नवा घेऊ' असा निर्णय घरात जवळजवळ झालाच होता. त्याच सुमारास अमेरिकेत शिकणारी नात सुटीवर आली. तिला आजीसाठी सफरचंदाचा पाय करायचा होता. तिकडे तो घरोघरी होतो. आजीची अट एकच होती. "माझ्या नियमात बसेल तर खाईन, नाहीतर तुम्ही खा."

ही अट दिसते तितकी लहान नव्हती. पायच्या पारीला अंडे लागत नाही, पण वरून चकाकीसाठी ते अनेक ठिकाणी लावतात. तिकडच्या बाजारातील तयार पारीत प्राण्याची चरबीही असू शकते. इकडे घरी करायचे म्हटले तरी लोणी महाविकृतींत मोडते आणि पीठ मळायला सांगितलेले बर्फाचे पाणी अभक्ष्यात. बाजारचा मैदा कधी दळलेला, हे माहीत नसते. आजी तर पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस, अशी मोजून पाळणाऱ्या. शिवाय सूर्यास्ताच्या दोन घटका आधी ताट पुसून झाले पाहिजे.

नातीने पाककृतीच बदलली. आदल्या दिवशी दळलेली कणीक वस्त्रगाळ करून २५० ग्रॅम घेतली. लोण्याऐवजी १२५ ग्रॅम थिजलेले साजूक तूप, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर. तूप पिठात बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखे केले. तळहाताची ऊब लागली की तूप वितळते आणि पारी खुसखुशीत न होता चिवट होते. लोण्यात पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो. म्हणून माठातले गाळलेले गार पाणी थोडे जास्त, सात-आठ चमचे लागले. गोळा न मळता केवळ एकत्र आणून अर्धा तास झाकून ठेवला.

सफरचंदे पाच-सहा. प्रत्येक फोड उजेडात शोधून घेतली. अर्धी वाटी साखर, लिंबाचा रस आणि दालचिनीची पूड घालून ती मंद आचेवर किंचित मऊ केली. सुटलेला रस आळावा म्हणून दोन चमचे घरचे तांदळाचे पीठ लावले. सारण पूर्ण गार झाल्यावरच पारीत भरायचे, नाहीतर तळ ओला राहतो. वरच्या पारीला वाफेसाठी चिरा दिल्या आणि अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवला. भट्टी पेटवण्यापूर्वी आत मुंगी, झुरळ नाही ना, हे आजीने स्वतः बॅटरी लावून पाहिले. आधी २०० अंशांवर वीस मिनिटे, मग १८० अंशांवर अर्धा तास.

पीठ मुरत होते, पाय भाजत होता, नंतर निवत होता. या मधल्या वेळांत नात आजोबांच्या खोलीत जाऊन बसत होती. तिने प्रथम काहीही पुसले नाही. सर्व पाठ आणि छायाचित्रे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. संगणक सुरू होताच न बोलावता जागे होणारे चौदा प्रोग्राम तिथे रांगेत दिसले. त्यांतील अकरा तिने बंद केले. विषाणूरोधक दोन होते आणि ते एकमेकांचीच तपासणी करीत बसत, एक काढला. मुख्य डिस्क काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे यंत्राला तात्पुरत्या कामासाठीही जागा उरत नव्हती.

भरली कशाने होती? 'फोटो', 'फोटो नवीन', 'फोटो नवीन २', 'फोटो पक्के' अशा सात कप्प्यांत तीच छायाचित्रे होती. हरवतील या भीतीने आजोबा दर दिवाळीला आणखी एक प्रत ठेवीत. एकेक कप्पा पुसताना त्यांचा हात नातीच्या खांद्यावर घट्ट होत होता. सहावा कप्पा तपासताना छायाचित्रांच्या ढिगाखाली एक ध्वनिफीत निघाली. ती आजोबांच्या दिवंगत थोरल्या बंधूंची होती. त्यांच्या आवाजातील भक्तामर पठण ती चार वर्षे कुणाला सापडले नव्हते. हरवले, असेच सर्वांनी धरले होते. संगणक भंगारात गेला असता, तर ते खरोखरच हरवले असते.

सव्वाचार वाजता पाय कापला. आजीने पहिला घास घेऊन म्हटले, "ही तर ताटाएवढी करंजी!" आणि दुसरा तुकडा मागितला. पाच वाजता ताटे आवरली होती. पुढच्या आठवड्यात जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने माहिती शोधायला वेळ लागत नाही. संगणक आता मिनिटाच्या आत उघडतो.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, मूर्च्छेत सांगितले आहे. सात प्रती ठेवण्यामागे प्रेम होते, पण त्या प्रेमाने हवी ती गोष्टच झाकून टाकली. दोन नीट प्रती आणि त्या कुठे आहेत याची नोंद, एवढे पुरते. स्वयंपाकघरात नियम सोडल्याशिवाय नवा पदार्थ होत नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी वस्त्रगाळ कणीक आणि तूप घेऊन एकदा करून पाहावे. आजोबा आता दर चतुर्दशीला संगणकातील एक कप्पा तपासतात. पठणाची ती फीत मात्र पडद्यावर अगदी समोर ठेवली आहे.