इसबगोलाचा चमचा आणि न विचारलेला प्रश्न

वसतिगृहात ज्यांचे शालेय जीवन गेले, त्यांना अधीक्षकांच्या कपाटातील इसबगोलाचा डबा निश्चितच स्मरत असेल. बद्धकोष्ठ झाले की कोमट पाण्यातून आणि जुलाब झाले की दह्यातून, असा त्याचा दुहेरी उपयोग आम्हा शिक्षकांना तोंडपाठ असे. त्याच डब्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे, कारण त्याच्याशी आमची एक चूक निगडित आहे.

काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीतील एक विद्यार्थी आमच्या देखरेखीखाली होता. तो दिवसातून सहा-सात वेळा शौचास जाऊ लागला. आम्ही त्यास दह्यातून इसबगोल दिला व निश्चिंत झालो. शौचावाटे रक्त पडत होते, हे त्याने लाजेपोटी कोणासही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. धावण्याच्या शर्यतीत पुढे असणारा तो मुलगा जिना चढताना थांबू लागला, तेव्हा भेटीस आलेल्या त्याच्या आजीने त्यास डॉक्टरांकडे नेले. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली आणि निदान निघाले: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच उलटते. तेथे दाह होतो, व्रण पडतात. रक्तमिश्रित जुलाब, पोटात मुरडा, रक्तक्षय ही तिची लक्षणे. वाढत्या वयात उंची व वजनही खुंटते. ती बहुधा तरुण वयात सुरू होते, कधी बळावते, कधी शांत राहते. आपल्याकडे तिला मूळव्याध वा 'उष्णता' समजून घरगुती उपाय केले जातात. आमांश आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणेही तिच्याशी मिळतीजुळती असतात. म्हणून तपासणीवाचून निदान होत नाही.

चोथा पोटाला हितकारकच, हा समज कोठून आला? युगांडात अनेक वर्षे शस्त्रचिकित्सक म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात ग्रामीण आफ्रिकेतील चोथायुक्त आहाराची पाश्चात्त्य आहाराशी तुलना केली आणि चोथ्याच्या अभावी आतड्याचे अनेक विकार उद्भवतात, असे मत मांडले. ते निरोगी समाजाच्या आहाराविषयी होते. व्रण पडलेल्या आतड्यास काय द्यावे, याचे उत्तर त्यात नव्हते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून विधानाचा संदर्भ तपासण्याची सवय आम्हांस असावयास हवी होती.

चोथा एकाच प्रकारचा नसतो, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. मोठ्या आतड्यातील जिवाणू काही तंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे आम्ल तयार होते. अस्तराच्या पेशींचे ते मुख्य इंधन. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका चाचणीत, रोग शांत असलेल्या १०५ रुग्णांपैकी काहींना इसबगोलाचे बी, काहींना मेसालामिन हे औषध व काहींना दोन्ही वर्षभर देण्यात आले. रोग उलटण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत मोठा फरक आढळला नाही. चाचणी लहान होती, पण आशादायक होती. उलटपक्षी २०२२ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांच्या आतड्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा इन्युलिनसारख्या तंतूंमुळे काही नमुन्यांत दाह वाढल्याचे दिसले. हे तंतू आंबवणारे जिवाणू जेथे कमी पडतात, तेथे ते तापदायक ठरतात. कांदा, लसूण यांत इन्युलिन असते. बाजारातील अनेक 'फायबर' भुकट्यांतही तेच घातलेले असते. म्हणजे एकास उपकारक ठरलेला चमचा दुसऱ्यास अपायकारक ठरू शकतो, आणि त्याच मुलालाही रोग बळावलेला असताना एक व शांत असताना दुसरा आहार लागतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी प्रथम त्याची विचारपूस केली: कोणता आजार आहे, शुश्रूषेस कोणी आहे काय. त्यानंतर आनंदासह स्वहस्ते त्यास स्वच्छ केले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या प्रसंगाला स्थान दिले आहे. उपचाराआधी विचारपूस, हा क्रम आम्ही विद्यार्थ्यांना शिकवला. आचरणात मात्र उलटा केला.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, जुलाब दोन आठवडे टिकले, वा एकदाही रक्त दिसले, तर भुकटीचा डबा न उघडता डॉक्टरांकडे जावे. निदान झालेल्या मुलास इसबगोल द्यावयाचा की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. द्यावयाचा झाल्यास भरपूर पाण्यासह व इतर औषधांपासून काही तासांच्या अंतराने द्यावा. त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करणे घातक होय. रोग बळावला असता भोजनगृहाने त्या मुलासाठी मऊ भात, मुगाचे वरण, साल काढून शिजवलेला दुधी वेगळा ठेवावा; रोग शांत झाल्यावर फळे, पालेभाज्या, भाकरी हळूहळू वाढवावी. अशा मुलास वर्गातून उठण्यासाठी परवानगी मागावी लागू नये.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. या सोहळ्यानिमित्त आपण जे दान द्याल, त्यातून प्रथम शौचालयांच्या कड्या, दिवे आणि पाण्याची सोय व्हावी. आपल्यातील जे डॉक्टर वा आहारतज्ज्ञ असतील, त्यांनी प्रत्येक सत्रात एक दिवस मुलांशी एकांतात बोलण्यासाठी द्यावा.

तो विद्यार्थी आज नोकरी करतो. औषधे नियमित चालू आहेत, रोग शांत आहे. डॉक्टरांच्या संमतीने तो रात्री इसबगोलही घेतो. मागील भेटीत त्याने हे हसत सांगितले, तेव्हा आम्हांस मात्र हसता आले नाही.