काचेतला समुद्र आणि काटकसरीचा हिशेब

नागपूर आणि मुंबईची वेस यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि रात्रभराच्या रेल्वेप्रवासापलीकडचा समुद्र नागपूरकरांसाठी आठ-नऊ तासांवर आला. रस्ता जवळ आला म्हणून समुद्र जवळ येतो, असे मात्र नाही. गोड्या पाण्यातील गोल्डफिश आणि गप्पी यांची काचपेटी मध्यमवर्गीय दिवाणखान्याला नवी नाही. त्या पेटीत पाण्याऐवजी समुद्र असावा, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘निमो’ त्यात फिरावा आणि हे सारे बेताच्या खर्चात व्हावे, ही हौस आता मूळ धरू पाहते. हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न ‘बेताचा खर्च’ या शब्दांचा आहे. सागरी मत्स्यपेटी स्वस्तात उभारता येते. पण काटकसर नेमकी कोठे केली, यावर ती स्वस्ताई खरी की दुसऱ्याच्या माथी मारलेली, हे ठरते.

दर बदलत असतात, म्हणून हा हिशेब रुपयांत मांडण्यापेक्षा लिटर, किलो आणि युनिटमध्ये मांडणे अधिक उपयोगाचे. प्रथम पाण्याचा विचार करू. खारे पाणी विदर्भाला अपरिचित नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. लोणारचे विवर तर २०२० मध्ये पाण्याच्या गुलाबी रंगामुळे देशभर गाजले. तरीही यांपैकी कोणतेही पाणी समुद्राची जागा घेऊ शकत नाही. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या किंचित वर असतो, लोणारचा दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा मोठा असला, तरी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे ठराविक प्रमाण सागरी जिवांना लागतेच. स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात कालवून समुद्र तयार होत नाही, तो याच कारणाने. मत्स्यपेटीसाठी मिळणारे सागरी क्षारांचे तयार मिश्रण घ्यावे लागते आणि १०० लिटर पाण्याला ते साडेतीन ते चार किलो लागते. शिवाय आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलायचे, तर महिन्याला आणखी दोन किलोंच्या आसपास क्षार धरावे लागतात. पहिल्या दिवसाचा खर्च सगळेच मोजतात. हा दर महिन्याचा खर्च मोजणारे थोडे.

नागपूरच्या नळाला येणारे पाणी पेंच आणि कन्हान या नद्यांचे. ते पिण्यासाठी क्लोरीनने शुद्ध केलेले असते आणि हा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. त्यातले विरघळलेले इतर घटक पेटीत साठत जातात व शेवाळाला खतपाणी घालतात. म्हणून आरओ यंत्राचे पाणी वापरण्याचा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे, परंतु अनेक घरगुती यंत्रांतून शुद्ध पाण्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक पाणी मोरीत जाते. ते पाणी फरशी पुसण्यासाठी आणि संडासात टाकण्यासाठी साठवण्याची सोय आधी करावी. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तेथे हौसेपायी शेकडो लिटर पाणी वाया घालविणे शोभणारे नाही.

खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात. बहुतेक सागरी शोभिवंत माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर पोचला होता. पाणी जसजसे तापते, तसतशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. त्यात खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी मावतो. म्हणजे ज्या उष्म्यात गोड्या पाण्यातला मासा तग धरून राहतो, त्यात समुद्रातला मासा धापा टाकू लागतो.

यावर पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, हा उपाय महागडा. त्याला एक स्वस्त पर्याय आहे आणि तो नागपूरकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात, तेच तत्त्व येथेही लागू पडते. पेटीचे झाकण काढून जाळी बसवावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर रोखावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरते. कोरड्या मे महिन्यात हा उपाय उत्तम लागू पडतो आणि पावसाळी दमट हवेत कूलरइतकाच कुचकामी ठरतो. कूलर लावलेल्या खोलीत हवा आधीच ओलसर असल्याने पंख्याचा परिणाम कमी होतो, मात्र खोलीच थंड राहिल्याने पेटीला आधार मिळतो. यातला धोका वेगळा आहे. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार तेथेच राहतात. १०० लिटरच्या पेटीतून रोज दोन लिटर पाणी उडाले, तर पाच दिवसांत क्षारांचे प्रमाण लिटरला ३५ ग्रॅमवरून जवळजवळ ३९ ग्रॅमवर जाते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज, आणि तीही बिनखाऱ्या शुद्ध पाण्याने करावी लागते. चार दिवस लग्नकार्याला गावी जायचे असेल, तर हे काम कोणावर सोपवायचे, याचे उत्तर पेटी आणण्यापूर्वीच हाती असले पाहिजे.

विजेचे गणितही सोपे आहे. पाणी गाळणारा व फिरविणारा पंप आणि पंखा मिळून ४५ वॅट चोवीस तास, तसेच ४० वॅटचा दिवा दहा तास चालला, तर दिवसाला सुमारे दीड युनिट, म्हणजे महिन्याला ४५ युनिट वीज लागते. चिलर जोडल्यास हा आकडा सहज शंभरावर जातो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. पुढच्या टप्प्यातला प्रत्येक युनिट महाग पडत असल्याने लहान कुटुंबाचे बिल या एका पेटीमुळे वरच्या टप्प्यात ढकलले जाते. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरील हवेचा पंप हा या यादीतला सर्वांत स्वस्त घटक, आणि बहुधा सर्वांत शेवटी आठवणारा.

मग काटकसर करायची कोठे? पहिला मोह असतो लहान पेटी घेण्याचा. तो टाळावा. ३०-४० लिटरच्या पेटीत एक मेलेला मासा किंवा एक चमचा जादा खाद्य सारे पाणी बिघडवू शकते. १००-१२० लिटरच्या पेटीत तीच चूक पचते. मोठी पेटी, त्यात दोनच मासे, हे सूत्र अंतिमतः स्वस्त पडते. दुसरा मोह घाईचा. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात आणि तोपर्यंत पेटीत मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. मासा पेटी भरल्याच्या दिवशीच घरी न्यावा, असा दुकानदाराचा आग्रह असेल तर तो मोडून काढावा. सबुरीला पैसे पडत नाहीत, आणि या छंदात तिच्याइतकी बचत दुसऱ्या कशानेही होत नाही. चकचकीत दिवे, शोभेच्या वस्तू, रंगीत वाळू यांवर मात्र खुशाल काट मारावी; तळ मोकळा राहिला तरी माशांचे काही बिघडत नाही. पाण्याची घनता मोजणारे साधन आणि अमोनियाची चाचणी यांवर मारू नये.

एका बाबतीत तर काटकसर थेट गुन्ह्यापर्यंत नेते. पेटीत ‘खराखुरा समुद्र’ दिसावा म्हणून प्रवाळाचे तुकडे ठेवण्याची पद्धत आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी आहे. २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. समुद्री घोडा आणि समुद्री काकडी यांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. प्रवाळाचा सांगाडा विकत घेणेही या कायद्याच्या कक्षेत येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यांना किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात १९८७ पासून जी प्रवाळसृष्टी जपण्याचा प्रयत्न होत आहे, तिची किंमत दिवाणखान्यातल्या सजावटीने मोजता येत नाही. २०२० साली मुंबईच्या किनारा रस्त्याच्या मार्गात हाजी अली आणि वरळी येथे आढळलेल्या अवघ्या १८ प्रवाळ वसाहती हलविण्यासाठी बलाढ्य मुंबई महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली रीतसर परवानगी घ्यावी लागली. राज्याच्या वन्यजीव विभागाचे मुख्यालय आहे ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्याच नागपुरात. त्याच शहरात प्रवाळाचा तुकडा शोभेची वस्तू म्हणून हाताळला जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

माशांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गोड्या पाण्यातील बहुतेक शोभिवंत मासे पैदास केंद्रांत जन्मतात. सागरी माशांपैकी बहुसंख्य आजही प्रवाळ खडकांतून पकडून आणले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने २००३ साली केलेल्या अंदाजानुसार हा व्यापार वर्षाला २ कोटी ते २ कोटी ४० लाख माशांचा होता. त्याच वर्षी ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि क्लाऊनफिश घराघरांतल्या मुलांच्या तोंडी बसला. समुद्रातून पकडलेला मासा हाताळणीत, पिशवीत आणि प्रवासात खचत जातो. जो मासा चांगल्या निगराणीत दहा वर्षांहून अधिक जगतो, तो आठवडाभरात मेला की ग्राहक दुसरा आणतो. स्वस्त माशाची खरी किंमत ती हीच.

सुदैवाने क्लाऊनफिशला पर्याय उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र बऱ्याच वर्षांपूर्वी सिद्ध केले. महाराष्ट्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या सहकार्याने ऐरोली येथे त्याच्या पैदाशीचे काम हाती घेतले. पेटीत वाढलेला हा मासा तयार खाद्य घेतो, समुद्रफुलावाचून आनंदाने राहतो आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांना जोडउत्पन्न देतो. तो थोडा महाग पडला तरी बेताच्या खर्चाच्या पेटीसाठी तोच योग्य, कारण तो जगतो.

परंतु दुकानातला मासा पैदास केंद्रातला की समुद्रातला, हे ग्राहकाने ओळखायचे कसे? केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठी नियम केले आणि १५८ जातींच्या विक्रीवर व प्रदर्शनावर बंदी घातली. त्या यादीत क्लाऊनफिशही होता. कोलकाता, चेन्नईजवळचे कोळत्तूर, मुंबईतील कुर्ला अशा बाजारांवर अवलंबून असलेल्यांनी विरोध केला व पुढे ते नियम मागे घेण्यात आले. पैदाशीचा मासा आणि पकडलेला मासा यांना एकाच मापाने मोजणारा नियम टिकणार नव्हताच. त्याच्याबरोबर उगमाचा मूळ प्रश्नही गुंडाळला गेला, हे मात्र वाईट झाले. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या उत्पादनाला अर्थसाह्य आहे. उत्पादनाला अनुदान द्यायचे आणि विक्रीच्या टोकाला मासा कोठून आला याची साधी चिठ्ठीही सक्तीची करायची नाही, या धोरणात विसंगती आहे. अशी चिठ्ठी हा बंदीपेक्षा स्वस्त, सोपा आणि प्रामाणिक व्यापाऱ्याला उपकारक उपाय आहे.

नागपूरला येथे काही करून दाखविण्याची संधी आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय या शहरात आहे, त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही येथेच आहे. किनारा नसलेल्या शहरात मत्स्य विद्यापीठ कशाला, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. हौशी नागरिकांसाठी पाणी तपासून देण्याची सोय, उन्हाळ्यापूर्वी एखादे छोटे प्रशिक्षण आणि खात्रीच्या पैदास केंद्रांची यादी एवढे जरी नियमितपणे उपलब्ध झाले, तर त्या प्रश्नाला कृतीतून उत्तर मिळेल.

तोवर विवेकाची जबाबदारी ग्राहकावरच राहते. रोज पाणी घालायला घरात माणूस नसेल, मे महिन्याची तजवीज नसेल, दीड महिना थांबण्याची तयारी नसेल, तर गोड्या पाण्यातली पेटी काही कमी देखणी नसते. ज्यांची तयारी आहे, त्यांनी मोठी पेटी, पैदाशीचे दोन मासे आणि प्रवाळाविना सजावट एवढ्यावर समाधान मानावे. समुद्र नागपुरात आणणे शक्य आहे. त्यासाठी समुद्रालाच लुबाडण्याची गरज नाही.