हौसेचे तेलपाणी

खारघरमधल्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या तळमजल्यावर जाऊन पाहा. मोटारींच्या मागे, पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकून सायकलींची एक रांग उभी असते. जाड खाचांचे टायर, पुढच्या चाकाला दणके सोसणाऱ्या स्प्रिंगा, मुठीजवळ गिअरचे खटके आणि दांड्यावर एखादे दणदणीत इंग्रजी नाव. एकूण थाट असा की हिमालयच पालथा घालायचा आहे. पण जवळ जाऊन पाहिले तर टायर जमिनीला चिकटलेले, साखळी तांबूस झालेली आणि सीटवर कबुतरांनी आपली वहिवाट सिद्ध केलेली! सोसायटीच्या वार्षिक सभेत या सायकलींचा विषय दरवर्षी निघतो, ‘भंगारवाल्याला बोलवा’ असा ठरावही होतो आणि पुढच्या वर्षी रांगेत आणखी दोन सायकलींची भर पडलेली असते.

यातल्या बऱ्याच सायकली २०२० सालच्या आहेत. टाळेबंदीत लोकल बंद, व्यायामशाळा बंद, शाळा बंद; तेव्हा माणसांना सायकल आठवली. सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेने त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार मे २०२० मध्ये देशात सुमारे साडेचार लाख सायकली विकल्या गेल्या, तर सप्टेंबरमध्ये हाच आकडा अकरा लाखांच्या वर गेला. दुकानांत माल मिळेना, लोक नंबर लावून थांबले. खारघरला तर रुंद रस्ते, सेंट्रल पार्कचा मोकळा परिसर आणि उशाला डोंगर. सायकलसाठी यापेक्षा चांगले गाव कोणते? मग ही हौस इतक्या लवकर का विझली?

‘लोक आळशी असतात’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. माझ्या मते खरे कारण असे की आपण सायकल विकत घेतली, पण ती सांभाळण्याची विद्या तिच्याबरोबर घरात आली नाही. आधीच्या पिढीची काळी, उंच दांड्याची सायकल निराळी होती. तिच्या साखळीला पत्र्याचे चेनकव्हर, चाकांवर पुरते मडगार्ड आणि गिअरचे नावच नाही. शिवाय प्रत्येक नाक्यावर एक सायकलवाला. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा, चाकाचा आऊट काढणारा, आणि वर्षातून एकदा सगळी सायकल सोडवून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडणारा. या कामाला आपण ‘ओव्हरऑइल’ म्हणत असू. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉल’ हे नंतर कळले. पण आपला शब्दच जास्त अर्थपूर्ण वाटतो.

माउंटन बाईकची गोष्ट वेगळी. तिची साखळी उघडी, पुढे तीन आणि मागे सात अशा दात्यांच्या चकत्या, त्यांवरून साखळीला इकडून तिकडे नेणारी नाजूक यंत्रणा आणि हे सारे ओढून धरणाऱ्या बारीक तारा. दिसायला ही सायकल पहिलवान, पण निगा मागते घड्याळासारखी. दुकानदार विकताना एकवीस गिअर मोजून दाखवतो; साखळीला तेल कधी घालायचे ते सांगत नाही.

या सायकलचा जन्मच मुळी दुरुस्तीतून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळत असत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि उलटे पॅडल मारले की लागे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. सुमारे तीन किलोमीटरच्या वाटेत चारशे मीटरचा उतार. खाली पोहोचेपर्यंत ब्रेक इतका तापे की तुंब्यातले ग्रीस जळून त्याचा धूर होई. मग चाक सोडवायचे, नव्याने ग्रीस भरायचे आणि पुन्हा वर. पुन्हा ग्रीस ‘भरणे’ म्हणजे ‘रीपॅक’. त्या शर्यतीचे आणि त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्याच मंडळींतल्या जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सायकल बांधली. गॅरी फिशर, टॉम रिची ही नावेही त्याच गोतावळ्यातली. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. म्हणजे या खेळाच्या पूर्वजांचे हात आधी ग्रीसने काळे झाले आणि मग गळ्यात पदके पडली.

आपल्याकडे तर निगेची गरज अधिकच. खारघरची हवा खाडीमुळे दमट. वर्षाचे आठ महिने बांधकामांची आणि तळोज्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ. उरलेले चार महिने कोकणातला पाऊस. उघड्या लोखंडाला याहून वाईट सासर मिळणार नाही. साखळीवर धूळ आणि तेल यांचे मिश्रण झाले की ते कानशीसारखे काम करते. दर फेरीला दाते थोडे थोडे झिजवते. म्हणून साखळी आधी पुसायची, मग तेल. आपण नेमके उलटे करतो. मळक्या साखळीवर खोबरेल तेलाची धार धरतो आणि समाधानाने हात पुसतो. ते घट्ट तेल आणखी धूळ धरते. गंज सोडवण्याचा फवारा हेही वंगण नव्हे. तो उडून जातो आणि साखळी कोरडी पडते. काहीच नसेल तर शिवणयंत्राचे पातळ तेल परवडले, मात्र ते वरचेवर घालावे लागते. प्रत्येक कडीवर एक थेंब, पाच मिनिटे पॅडल उलटे फिरवणे आणि वरचे तेल फडक्याने पुसून घेणे, एवढेच काम. तेल साखळीच्या आत हवे, बाहेर नको. आणि ब्रेकच्या चकतीवर किंवा चाकाच्या रिमवर त्याचा थेंबही उडता कामा नये.

साखळी झिजली की नाही हे पाहायला शाळेच्या दप्तरातली फूटपट्टी पुरते. साखळीच्या एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरा. चोविसावा खिळा बरोबर बारा इंचांवर आला पाहिजे. एक सोळांश इंच पुढे गेला तर साखळी बदला. एक अष्टमांश गेला तर मागचे दातेही गेले असे समजा. वेळेवर बदललेली साखळी थोड्या पैशांत भागते, उशीर झाला की सगळी चकतीमाळ बदलावी लागते. गंमत म्हणजे हे गणित सातवीतल्या मुलालाही कळते, आणि एकदा त्याने स्वतः मोजले की सायकल त्याची होते. तोवर ती ‘बाबांनी आणलेली’ असते.

ही देखभाल कशासाठी, याचे उत्तर खारघरच्या टेकडीवर मिळते. सह्याद्रीच्या मानाने ती टेकडीच. पण फणसवाडी, चाफेवाडीकडे चढणारा तो रस्ता पहाटे सायकलवाल्यांची चांगलीच परीक्षा घेतो. पहिल्या वळणावर ऊर धपापते, दुसऱ्यावर ‘कशाला आलो’ असे वाटते. इथे गिअर एक खटका आधी बदलावा लागतो. चढावर पॅडलवर सारा जोर असताना खटका दाबला की साखळी करकरते, कधी उतरते, कधी तुटते. वर पोहोचल्यावर खाली पसरलेली खारघरची वस्ती, पलीकडे खाडी. आणि मग उतार. इथे ब्रेकची खरी किंमत कळते. सतत ब्रेक दाबून उतरले तर ते तापतात. थोडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे, आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरावेत. ज्याने आदल्या रात्री ब्रेकचे रबर तपासले आहे, तो उतारावर निवांत असतो. बाकीचे देवाचे नाव घेतात.

सायकलस्वारीच्या आयुष्यातही असेच चढउतार असतात. पहिला महिना उत्साहाचा. मग परीक्षा येतात, पाहुणे येतात, गुडघा दुखू लागतो. निम्म्या वेळा गुडघ्याचे दुखणे हे सीट खूप खाली असल्याचे दुखणे असते. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. मग पाऊस. महिनाभर सायकल हलत नाही आणि जेव्हा हलवावीशी वाटते तेव्हा चाकात हवा नसते, साखळी आखडलेली असते. त्या सकाळी माणूस परत घरात जातो, तो जातोच. हौस मरते ती कंटाळ्याने कमी, अशा एखाद्या जाम झालेल्या सकाळी जास्त. सायकल तयार असेल तर खंड पडूनही माणूस परत येतो. देखभालीचा खरा फायदा हा आहे.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव हवी कशाला? बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे, दारात रिक्षा आहे, विजेवर चालणाऱ्या स्कूटर आहेत. मोठ्यांपुरते हे ठीक. पण बारा ते सोळा वर्षांच्या मुला-मुलींचे काय? स्कूटर त्यांना चालवता येत नाही. त्यांच्या हातात स्वतःच्या बळावर कुठेतरी जाण्याचे एकच साधन आहे. ते बंद पडले की मूल शिकवणीला, मैदानावर, मित्राकडे, सगळीकडे आईबाबांच्या मागे बसून जाते, आणि मग ‘ही मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत’ अशी तक्रार आपणच करतो.

हीच गोष्ट गावाकडे पाहिली तर तिचे मोल आणखी कळते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल घ्यायला अर्थसाहाय्य मिळते. त्या मुलीच्या सायकलचे टायर फाटले तर तिच्या हौसेचा प्रश्न नसतो, तिच्या शिक्षणाचा असतो. एक ट्यूब, दोन ब्रेकशू, एक साखळी. एवढ्यावर तिचे वर्ष अवलंबून असू शकते. सायकल देणाऱ्याने पान्याचा संच आणि पंक्चर काढण्याचे शिक्षणही द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबरच हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या आणि त्यांचे बाहेर पडणे बदलले. ते बदललेपण टिकते सायकल चालत राहिली तरच.

अर्थात, सगळा भार सायकलवाल्यावर टाकून चालणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल कंपनीच्या भारतातील कारभाराचे माजी प्रमुख अवतार सैनी नेरूळजवळ पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवत असताना भरधाव टॅक्सीची धडक बसून गेले. अनुभवी सायकलस्वार होते ते. सायकल कितीही चोख ठेवली तरी मागून येणाऱ्याच्या वेगाला तिच्याकडे उत्तर नसते. सिडकोने १९७० पासून ही नवी मुंबई आखली, २०१६ पासून खारघर पनवेल महानगरपालिकेत आले. रुंद रस्ते आपल्याला मिळाले. पण रुंद रस्ता मोटारीला वेग देतो आणि सायकलला कडेच्या खडीत ढकलतो. स्वतंत्र मार्गिका, चौकातले वेगरोधक, पहाटेही सुरू राहणारे दिवे, ही रस्त्याची देखभालच आहे. साखळीला तेल घालण्याची शिस्त नागरिकाकडून मागायची, तर खड्डा बुजवण्याची शिस्त पालिकेकडून मागायचा हक्कही त्याला पोहोचतो.

आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांचे काय? जुन्या पनवेलच्या बाजारात सायकलची कामे पिढीजात करणारे कारागीर असत. नव्या वसाहतींच्या आराखड्यात दुकानांचे गाळे असतात, पण फुटपाथशेजारी पेटी घेऊन बसणाऱ्या माणसाला जागा नसते. त्याला अतिक्रमण म्हणून उठवले जाते आणि मग आपण पंक्चर काढायला चार सेक्टर सायकल ढकलत जातो. प्रत्येक सेक्टरमध्ये सायकल-दुरुस्तीसाठी एक छोटी अधिकृत जागा राखून ठेवली, तर महानगरपालिकेचे फारसे काही जाणार नाही.

तोवर आपल्या हाती आहे ते करू. आपल्याकडे दसऱ्याला अवजारांची, वाहनांची पूजा करायची रीत आहे. सायकल धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावून तिला झेंडूचा हार घालायचा. हा सण येतो पाऊस सरल्यावर, म्हणजे ग्रीस आणि साखळी बदलायच्या नेमक्या वेळी. दुसरी वेळ मृग नक्षत्राच्या आधीची. वर्षातून या दोन रविवारी सोसायटीच्या आवारात एक सतरंजी, पान्यांची एक पेटी, जुन्या बनियनची फडकी आणि ज्याला हे काम येते असा एक माणूस एवढे जमवले तरी पुरे. पोरांना स्वतःच्या हाताने चाक खोलू द्यावे. छर्रे घरंगळतील, हात काळे होतील, होऊ द्यावेत. ज्या सायकलींना धनी उरला नाही, त्या दुरुस्त करून एखाद्या शाळेतल्या गरजू मुलीकडे पोहोचवाव्यात. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर या वर्षी भंगारवाल्याऐवजी एवढा एक ठराव आला, तर त्याला अनुमोदन द्यायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.