हाताला मुंग्या, चौकशी मानेची

मुलांनो, आपला हात कुठून सुरू होतो, सांगा पाहू? खांद्यापासून, असंच म्हणाल ना! पण हाताला हुकूम पोचवणारे मज्जातंतू, म्हणजे बोलताना आपण ज्यांना 'नसा' म्हणतो त्या, निघतात मानेतून. मानेत ७ मणके असतात. (जिराफाच्या मानेतही सातच, बरं का!) मणक्यांच्या फटींतून या नसा बाहेर पडतात आणि काखेतून थेट करंगळीच्या टोकापर्यंत पोचतात.

डोंबिवली, कल्याण, ठाण्यातले कितीतरी आई-बाबा रोज लोकल पकडून ऐरोलीला नाहीतर मुंबईला जातात आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतात. काही जण घरीच पलंगावर लॅपटॉप उघडतात. काम बोटांचं, पण मान हळूहळू पडद्याकडे सरकत जाते. मोठ्या माणसाचं डोकं असतं साडेचार-पाच किलोचं. एक लिटरची भरलेली बाटली छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. बाटली तीच, पण हात कसा भरून येतो! मानेच्या स्नायूंचंही तसंच होतं. न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली हिशेब मांडला, की मान ६० अंश वाकली तर तिच्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो. दप्तराच्या ओझ्यावर आपण एवढं बोलतो, या ओझ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही!

अशाने मान-खांदे आखडतात. मणक्यांपाशी एखादी नस दाबली गेली, तर दुखतं मानेत आणि मुंग्या येतात बोटांना. पकडही ढिली होते. अर्थात नस मनगटात किंवा कोपरातही दाबली जाऊ शकते. म्हणून तर हात दाखवायला गेलेल्या माणसाची मानही डॉक्टर तपासतात. मुंग्या अंगठ्याकडच्या बोटांना येतात की करंगळीला, यावरून त्यांना बराच अंदाज येतो.

आज बाबा किंवा आई कामाला बसले, की बाजूला उभं राहून बघा. कान खांद्याच्या रेषेत आहे, की पुढे गेलाय? पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर यायला हवी. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं ठेवा, कीबोर्ड मात्र वेगळा लागेल. अर्ध्या तासाने त्यांना उठवायचं काम तुमचं! मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटाला, ते विचारून वहीत लिहा. डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडेल. आणि हातातून कप निसटतोय, शर्टाची बटणं लावता येत नाहीत असं दिसलं, तर मलम चोळत रविवारची वाट पाहू देऊ नका.