टिकून राहण्याचे मोल

पलूस तालुक्यातील कुंडल महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारचे केंद्र म्हणून आणि दुसरे, कुस्तीच्या मैदानासाठी. या मैदानाच्या कडेला बसणारा जाणता शौकीन मल्लाची पारख केवळ डावांवरून करीत नाही. डाव पुष्कळांना येतात. पंचविशीत झळकलेले आणि गुडघा किंवा खांदा निकामी झाल्याने तिशीआधीच लंगोट खुंटीला टांगलेले पैलवान त्याने पाहिलेले असतात. म्हणूनच नव्या पोराबद्दल त्याची पहिली विचारणा असते ती दमाची. हा गडी आणखी दहा वर्षे मैदानात दिसेल काय, हा त्याच्या लेखी खरा प्रश्न असतो.

हाच प्रश्न २०२५ मध्ये क्रिकेटच्या जगातही ऐरणीवर आला. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी मिळवणारा जसप्रीत बुमरा सिडनीच्या अखेरच्या कसोटीत पाठीच्या दुखण्याने बसला. पुढे इंग्लंडमधील पाचपैकी तीनच कसोटी तो खेळेल, असे आधीच ठरवण्यात आले. त्याच मालिकेत महंमद सिराज मात्र पाचही कसोटी खेळला, १८५.३ षटके टाकली आणि २३ बळी घेतले. ओव्हलवर अवघ्या ६ धावांनी मिळालेल्या विजयातला अखेरचा बळीही त्याचाच होता. त्यानंतर 'वर्कलोड'चा वाद रंगला. एका बाजूने बुमराच्या निष्ठेवरच शंका घेतली गेली, तर दुसऱ्या बाजूने टिकाऊपणा हा जणू विश्रांतीच्या वेळापत्रकाचा विषय ठरवण्यात आला. दोन्ही बाजू अर्धवट आहेत. टिकणे हे गोलंदाजाच्या कसबाचेच अंग असते, ही गोष्ट या गदारोळात हरवली.

ती समजून घ्यायची, तर त्याच वर्षी ३ मार्च रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी निवर्तलेल्या पद्माकर शिवलकर यांच्या कारकिर्दीकडे पाहावे लागते. १९६१-६२ च्या हंगामात ते पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले आणि शेवटचा १९८७-८८ मध्ये, वयाची सत्तेचाळिशी गाठल्यावर. या प्रदीर्घ काळात १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले, तेही अवघ्या १९.६९ धावांच्या सरासरीने. सामन्यामागे पावणेपाच बळी हा हिशेब एखाद्या बहरलेल्या हंगामाचा असता, तरी कौतुकाचा ठरला असता. येथे तो अख्ख्या कारकिर्दीचा आहे.

या सातत्याचे रहस्य त्यांच्या शैलीत होते. शिवाजी पार्क जिमखान्याच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची फेक सहज आणि टप्पा अचूक. अंगावर अनाठायी ताण पडू न देता तोच चेंडू पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकायचा आणि खेळपट्टी व फलंदाजाची घाई यांना आपले काम करू द्यायचे, ही त्यांची रीत. फिरकी गोलंदाजाला वेगवान गोलंदाजाइतकी शरीराची झीज सोसावी लागत नाही, हे खरेच. बुमरा आणि शिवलकर यांना एकाच मापाने मोजणे त्यामुळे अन्यायाचे होईल. पण शक्ती कोठे खर्चायची आणि कोठे राखायची, हा विवेक दोघांनाही सारखाच लागतो.

केवळ टिकून राहणारा गोलंदाज निर्णायक क्षणी धारदार नसतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्याने त्याला उत्तर दिले. मद्रासच्या फिरकीला पोषक खेळपट्टीवर मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. तामिळनाडूला मात्र ८० आणि ६१ धावाच करता आल्या. शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी टिपले. दोन दिवस आणि एक चेंडू एवढ्यात सामना संपला. मुंबईचे ते सलग पंधरावे रणजी विजेतेपद होते.

तरीही शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. बिशनसिंग बेदी त्यांचे समकालीन होते, हे त्याचे सर्वमान्य कारण. बेदींना वगळून शिवलकरांना घ्यायला हवे होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु हे कारण पुरेसे नाही. १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीतून बेदींना वगळण्यात आले, तेव्हा हरियाणाचे राजिंदर गोयल संघासोबत होते. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, रणजीत ६३७ बळींचा विक्रम करणारे. अंतिम अकरांत त्यांचेही नाव आले नाही. सुनील गावसकर यांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात ज्यांच्यावर लिहिले, त्यांत हे दोघेही आहेत. सहकाऱ्याला जे दिसले, ते व्यवस्थेला दिसले नाही.

टिकाऊपणाचा असा अनादर सर्वत्र होतो असे नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणाऱ्या 'पिचर'चे स्थान आपल्या प्रमुख गोलंदाजासारखे असते. तेथे साय यंग हा १८९० ते १९११ असे २२ हंगाम खेळला, ५११ सामने त्याने जिंकून दिले आणि ७४९ सामन्यांत अखेरपर्यंत तोच चेंडू फेकत राहिला. आज तेथेही पिचरला चार-पाच दिवसांची विश्रांती मिळते आणि शंभरेक चेंडूंनंतर बहुधा त्याला बदलले जाते. काळ बदलला, शरीरशास्त्राचे ज्ञान वाढले, हे त्यांनीही मान्य केले. पण १९५६ पासून पिचरसाठीचा सर्वोच्च वार्षिक पुरस्कार दिला जातो, तो साय यंगच्याच नावाने.

आपल्याकडे शिवलकर आणि गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव मिळाला तो २०१७ मध्ये, दोघांनी सत्तरी ओलांडल्यावर. त्यातल्या त्यात समाधानाची बाब अशी, की २०२१ मध्ये क्रिकेट मंडळाने देशांतर्गत सामन्यांचे मानधन अनुभवाशी जोडले. २० सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला दिवसाला ४० हजार, ४० पर्यंत ५० हजार आणि त्यापुढे ६० हजार रुपये. वर्षानुवर्षे हजर राहण्याला किंमत असते, हे प्रथमच हिशेबाच्या वहीत आले. शिवलकरांच्या पिढीला चरितार्थासाठी नोकरीचाच आधार होता. मात्र मानधन हा न्यायाचा एक भाग झाला. निवड समितीची नजर एका झंझावाती हंगामापलीकडे जात नाही, तोवर उरलेला भाग बाकीच राहील.

सांगलीने विजय हजारेंसारखा फलंदाज देशाला दिला. याच जिल्ह्यातील एखादा मुलगा आज चेंडू हाती घेतो, तेव्हा त्याला मोबाईलच्या पडद्यावर दिसतो तो चार षटकांचा पराक्रम आणि लिलावातला आकडा. त्यात गैर काही नाही. पण पंधराव्या वर्षी वेगाच्या हव्यासाने पाठ मोडून घेण्याआधी, फेक सोपी कशी ठेवावी आणि रोजच्या मेहनतीने अंग कसे घडवावे, हेही त्याला कोणी सांगायला हवे. कुंडलच्या तालमीतला वस्ताद हे पोराला पहिल्याच वर्षी सांगतो. क्रिकेटच्या व्यवस्थेला ते शिकण्यासाठी आणखी एका शिवलकरांची कारकीर्द खर्ची पडू नये.