म्हातारं कोण झालंय, मॉड्रिच की रिअल माद्रिद?

शनिवारी संध्याकाळी माद्रिद डर्बी बघितली. लीगचे सहाच्या सहा सामने जिंकून आलेलं रिअल एका टप्प्याला २-१ पुढे होतं. सामना संपला तेव्हा बोर्डावर ॲटलेटिको ५, रिअल २. पाचवा गोल ३४ वर्षांच्या ग्रीझमनने बदली येऊन मारला.

रविवारी मध्यरात्री मिलान-नापोली लावली. मिलानच्या मधल्या फळीत लुका मॉड्रिच. याच ९ सप्टेंबरला चाळीस पूर्ण झाली गड्याला. मिलानचा एक जण रेड कार्ड घेऊन बाहेर, शेवटचा अर्धा तास दहा जणांत खेळायचा, समोर इटलीचे गतविजेते. तरी २-१ जिंकले.

सोमवारी सकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर हाच विषय. आमचा भाचा कट्टर रिअलवाला. तो म्हणाला, "मामा, चाळिशीचा माणूस रिअलसारख्या क्लबला शोभतो का? बरं झालं सोडला. आता पळणारी पोरं पाहिजेत."

चहा संपेपर्यंत गप्प बसलो. घरी आलो आणि लिहायला घेतलं, कारण हे मत त्याच्या एकट्याचं नाही. निम्म्या जिल्ह्याचं आहे. आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

आधी समोरच्याची बाजू, कारण ती कच्ची नाही.

एक, २०२४-२५ मध्ये मॉड्रिच संघात होताच की. काय जिंकलं? लीग बार्सिलोनाने नेली, कोपा देल रेची फायनल बार्सिलोनाने ३-२ ने नेली, चारही क्लासिको हरले. आर्सेनलविरुद्ध लंडनला ३-० ने मार खाल्ला तेव्हा मॉड्रिच पहिल्या मिनिटापासून मैदानात होता.

दोन, म्हाताऱ्यांना धरून बसलेल्या क्लबचं काय होतं ते आपण लिस्बनला बघितलंय. १४ ऑगस्ट २०२०, बायर्न ८, बार्सिलोना २. त्या बार्सिलोनात मेसी, सुआरेझ, पिके, विडाल सगळे ३३ चे, बुस्केट्स ३२ चा. बायर्नची पोरं पळत होती आणि हे बघत होते.

तीन, मिलान यंदा युरोपात नाही. आठवड्याला एक सामना. रिअलला तीन-तीन दिवसांनी खेळावं लागतं.

तिन्ही मुद्दे मान्य. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? अख्खी टीम म्हातारी असू नये, आणि म्हाताऱ्याला दर तीन दिवसांनी नव्वद मिनिटं पळवू नये. एवढाच. एकही म्हातारा नको, असं यातून कुठे सिद्ध होतं? लिस्बनच्या त्या बार्सिलोनात पाच होते. रिअलमध्ये प्रश्न एकाचा होता.

आता तो एक काय करतो ते बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गॅलरीतून आपण सगळे ओरडतो, "पळ, पळ!" पण जाणती मंडळी बघत असतात बॉल कुणाकडे गेल्यावर गडबड थांबते ते. प्रत्येक चांगल्या टीममध्ये असा एक असतो. डिफेंडरवर दोघं धावून आले की हा मागे येतो, बॉल मागतो, अंगावर आलेल्याला खांद्याने फसवून वळतो. बॉल येण्याआधी दोनदा मान फिरवून घेतलेली असते. कधी मुद्दाम वेळ काढतो, कधी एका पासात चार जण कापतो. याला मांड्यांपेक्षा मान आणि डोकं जास्त लागतं, आणि ते वयाने झिजत नाही.

पुरावा पाहिजे? एप्रिल २०२२, चेल्सीविरुद्ध क्वार्टर फायनल. रिअल घरच्या मैदानावर ३-० मागे, जवळपास स्पर्धेबाहेर. ८० व्या मिनिटाला मॉड्रिचने बुटाच्या बाहेरच्या बाजूने बॉल फिरवला, तो बचावफळीच्या डोक्यावरून थेट रॉड्रिगोच्या पायावर. तिथून सामना वाचला आणि पुढे कपही आला. तेव्हा तो ३६ चा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेल्टाविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि पुश्काशला मागे टाकून रिअलकडून खेळलेला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. त्याच सामन्यात व्हिनिशियसला पास देऊन जिंकून देणारा गोलही त्यानेच करवला. ३९ व्या वर्षी!

आणि गंमत बघा. २०१२ मध्ये हाच माणूस टॉटनहॅमहून आला तेव्हा काही महिन्यांत 'मार्का'च्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं होतं. तेव्हा तो २७ चा होता, भरपूर पळत होता. त्या वाईट खरेदीने पुढे २८ ट्रॉफ्या दिल्या. त्यात सहा चॅम्पियन्स लीग. रिअलच्या इतिहासात इतकं कुणीच जिंकलेलं नाही. तेव्हाही लोकांना कळलं नव्हतं तो काय करतो ते, आणि आजही कळलेलं नाही.

क्लबला तरी कळायला हवं होतं. कारण अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांची ही पहिली चूक नाही. २००३ मध्ये त्यांनी बेकहॅम आणला आणि त्याच उन्हाळ्यात ३० वर्षांचा माकेलेले चेल्सीला जाऊ दिला. माकेलेलेचे जर्सी खपत नव्हते ना! पुढची मोठी ट्रॉफी रिअलला २००७ ला मिळाली, तोवर पेरेझ स्वतःच राजीनामा देऊन गेले होते. माकेलेलेने दरम्यान चेल्सीबरोबर दोन प्रीमियर लीग जिंकल्या.

कुणी म्हणेल, कासेमिरोलाही ३० ला विकला, तरी २०२४ ला चॅम्पियन्स लीग जिंकलीच. बरोबर. पण कासेमिरो गेला तेव्हा क्रूस आणि मॉड्रिच दोघंही होते. वेंबलीतल्या त्या फायनलला कोंडी कुणी फोडली? ३४ वर्षांच्या क्रूसच्या कॉर्नरवर कार्वाहालने हेडर मारला. त्यानंतर क्रूसने स्वतःहून बूट टांगले, त्यात क्लबचा दोष नाही. दोष हा की त्याच्या जागी कुणीच आणला नाही. एम्बापे आला. गोल करणारा आला, गोलपर्यंत बॉल नेणारा नाही. २०२५ ला मॉड्रिचही गेला, आणि पुन्हा बचावाला माणसं आणली, पुढे पोरगा आणला, मधे कुणीही नाही.

जुलैत क्लब वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला पीएसजीने २४ मिनिटांत तीन गोल घातले. पहिले दोन आपल्याच बॉक्सजवळ बॉल गमावल्यामुळे. बचावपटूंवर दोघं-दोघं धावून येत होते, आणि मागे येऊन बॉल मागणारा कुणी दिसत नव्हता. मॉड्रिच तेव्हा बाकावर होता. उत्तरार्धात उतरला, शेवटचा सामना खेळला, ४-० ने हरून गेला. तेरा वर्षांचा हिशेब तिथे संपला.

तिशीनंतर एकेका वर्षाचाच करार, हा रिअलचा नियम. नियम चांगला आहे. मॉड्रिच दरवर्षी तो निमूट मान्य करत होता. माद्रिदमध्येच निवृत्त व्हायला आवडेल असं अनेकदा जाहीर बोलला होता. आणखी एक वर्ष दिलं असतं तर काय बिघडत होतं? सोडून पैसेही मिळाले नाहीत, करार संपला आणि फुकट गेला. आठवड्याला एक सामना, नाहीतर शेवटची तीस मिनिटं, एवढंच काम द्यायचं. आणि शेजारी २० वर्षांच्या अर्दा गुलेरला उभं करायचं. पोराकडे पाय आहे, नजर आहे. पण कधी पुढे जायचं आणि कधी दम खायचा, हे व्हिडिओ बघून येत नाही. ते रोज सरावात शेजारी राहून येतं.

हे मला इतकं का लागलं, तेही सांगतो.

मीही आता सेहेचाळिशीत आहे. पूर्वी एका दैनिकात होतो. तिथे डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक होते. टायपिंग हळू, मोबाइलवर बातमी टाकता येत नव्हती. कपात आली तेव्हा पहिलं नाव त्यांचं. त्यांच्या पगारात दोन चटपटीत पोरं आली. पोरं खरंच हुशार होती. पण त्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या पानावर पंचगंगेची इशारा पातळी आणि धोका पातळी उलटसुलट छापून गेली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे त्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. सकाळी नदीकाठच्या गावांतून फोनवर फोन. मी त्या रात्री ड्युटीवर होतो. मीही पान बघितलं होतं, मलाही दिसलं नाही, कारण अशा चुका तेच पकडतात अशी आम्हा सगळ्यांना सवय लागली होती. पोरांना त्यांच्या शेजारी एक वर्ष बसवलं असतं तर? पण वेग मोजता येतो, पकडलेल्या चुका कुणी मोजत नाही.

म्हणून भाच्याला माझं उत्तर असं. चाळिशीचा मॉड्रिच रिअलला शोभत होता. पंधराव्या मिनिटाला पळायला नाही, पंच्याहत्तराव्या मिनिटाला टीमला थांबवायला. आणि त्याची जागा रिकामी ठेवून नुसते वेगवान पाय गोळा करणारा क्लब मला जास्त थकलेला वाटतो.

एका डर्बीवरून हंगाम ठरत नाही, हे मलाही कळतं. रिअल यंदा सगळं जिंकलं तर ही पोस्ट खुशाल काढून माझी टिंगल करा, चहा माझ्याकडून. पण पुढच्या वेळी मॅच बघताना एक करा. रिअलच्या डिफेंडरवर दोघं धावून आले की बॉल मागायला कोण येतो, तेवढंच बघा.

मग बोलू.