चाव्या तुमच्या हाती आहेत, कुलूप लावा

इराक युद्धाला पैसा नाकारणाऱ्या मतदारांचा जाहीरनामा
जून 2007

आम्ही अमेरिकेचे रहिवासी आहोत आणि मराठी बोलतो. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आमची घरे आहेत. आम्ही इथे कर भरतो, आमची मुले इथल्या शाळांत शिकतात, इथल्या मतदान केंद्रांवर आम्ही रांगा लावतो. 7 नोव्हेंबर 2006 रोजी आम्ही डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिले ते एका कामासाठी: इराकमधले युद्ध थांबवा. पक्षाने आमचे मत घेतले, बारा वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकले, सिनेटही जिंकली. त्यानंतर सात महिने होण्याच्या आत, 24 मे 2007 रोजी, त्याच संसदेने त्याच युद्धासाठी पुन्हा पैसा मंजूर केला. माघारीची तारीख त्यात नव्हती. प्रतिनिधीगृहात 280 विरुद्ध 142, सिनेटमध्ये 80 विरुद्ध 14.

राष्ट्राध्यक्षांकडून आम्ही वेगळे काही अपेक्षिले नव्हते. अपेक्षा होती ती ज्यांना आम्ही विरोध करायला पाठवले त्यांच्याकडून. म्हणून ही चळवळ, आणि म्हणून हा जाहीरनामा.

काय बिघडले

ऑक्टोबर 2002 मध्ये युद्धाचा अधिकार देणारा ठराव आला तेव्हा सिनेट डेमोक्रॅटांच्या ताब्यात होती. तिथले बहुमताचे नेते टॉम डॅशल यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. त्यांच्या 50 सदस्यांपैकी 29 जण त्याच बाजूला गेले. प्रतिनिधीगृहातले पक्षाचे नेते डिक गेपहार्ट तर व्हाइट हाउसच्या बागेत राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी उभे राहिले. आणि तरीही त्या सभागृहातल्या डेमोक्रॅटांपैकी 126 जणांनी विरोधात मत दिले, बाजूने फक्त 81 जणांनी. पक्षाचे सदस्य नाही म्हणत होते. पक्षाचे नेते हो म्हणून मोकळे झाले होते.

साडेचार वर्षांनी तेच घडले. यंदाच्या 24 मे रोजी प्रतिनिधीगृहातल्या 140 डेमोक्रॅटांनी पैशाला विरोध केला, 86 जणांनी पाठिंबा दिला. सभापती नॅन्सी पेलोसी यांनी स्वतः विरोधात मत दिले. पण ते विधेयक मतदानाला येण्याची वाट त्यांच्याच नेतृत्वाने मोकळी करून दिली होती. हात झटकण्याची ही पद्धत आम्हाला ओळखू येते. नको असलेली गोष्ट होऊ द्यायची आणि ती आपल्याला नको होती याची नोंद तेवढी करून ठेवायची, याला विरोध म्हणत नाहीत.

या भित्रेपणाने पक्षाला काय मिळाले तेही पाहू. 2002 मध्ये नेत्यांचा हिशेब होता की युद्धाचा विषय लवकर मिटवावा आणि निवडणुकीत अर्थव्यवस्थेवर बोलावे. ठरावाला महिनाही झाला नाही तोच पक्षाने सिनेट गमावली. 2004 मध्ये पक्षाचे उमेदवार जॉन केरी होते. त्यांनी 2002 मध्ये ठरावाला होकार दिला होता, 2003 मध्ये 87 अब्ज डॉलरच्या खर्चाला नकार दिला होता, आणि ऐन प्रचारात सांगितले की तो होकार आपण आजही देऊ. मतदाराला कळेना की हा माणूस युद्धाच्या बाजूचा की विरोधातला. पक्ष हरला. 2006 मध्ये उमेदवार युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलले, आणि पक्ष जिंकला. तळ्यात-मळ्यात करणाऱ्याला लोक घरी बसवतात, हे तीन निवडणुकांनी सांगून झाले आहे.

किंमत मात्र नेत्यांनी मोजलेली नाही. आतापर्यंत 3400 हून अधिक अमेरिकी सैनिक इराकमध्ये मेले आहेत. सुमारे चाळीस लाख इराकी माणसे घर सोडून गेली आहेत, निम्मी देशातल्या देशात, निम्मी सीरिया आणि जॉर्डनसारख्या शेजारी देशांत. 2006 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने त्यांच्यातल्या 202 जणांना आसरा दिला. एवढे मोठे युद्ध, आणि दार उघडले ते 202 जणांसाठी.

आम्ही काय मानतो

आम्ही मानतो की युद्धाचे खरे मत खर्चाच्या विधेयकावर पडते. भाषण, निषेध, बंधन नसलेला ठराव, हे सगळे आधीचे. फेब्रुवारीत प्रतिनिधीगृहाने जादा सैन्य पाठवण्याविरुद्ध 246 विरुद्ध 182 असा ठराव केला. त्यात सक्ती नव्हती, त्यामुळे सैन्य गेले. मे महिन्यात पैसा दिला गेला, त्यामुळे सैन्य राहिले. यापुढे आम्ही प्रतिनिधीची भूमिका त्याच्या भाषणावरून ठरवणार नाही.

आम्ही मानतो की तिजोरीच्या चाव्या काँग्रेसकडे आहेत आणि त्या विचारपूर्वक दिल्या आहेत. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे की युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, सैन्यासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पैसा द्यायचा नाही, आणि कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढायचा नाही. घटना लिहिणाऱ्यांना राजे आणि त्यांची युद्धे ठाऊक होती. युद्ध सुरू ठेवायचे तर लोकांच्या प्रतिनिधींकडे पुन्हा पुन्हा हात पसरावा लागेल, अशी व्यवस्था त्यांनी केली.

नेते सांगतात, आमच्याकडे दोन तृतीयांश मते नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी 1 मे रोजी माघारीची मुदत घातलेले विधेयक नाकारले, दुसऱ्या दिवशी तो नकार मोडायला 222 विरुद्ध 203 ही मते पुरली नाहीत, हे खरे आहे. पण दोन तृतीयांश मते लागतात ती राष्ट्राध्यक्षांना नको असलेला कायदा करायला. त्यांना हवा असलेला पैसा न द्यायला ती लागत नाहीत. नकाराधिकाराने विधेयक अडवता येते, तिजोरीतून पैसा काढता येत नाही. ज्या सभापतीच्या हाती कामकाजाची यादी आहे, त्याने मुदत नसलेले विधेयक त्या यादीवर घेतलेच नाही तर युद्धाला नवा पैसा मिळत नाही. मुदत घातलेले विधेयक परत आले, तर तेच पुन्हा पाठवा. पुन्हा परत आले, तर पुन्हा पाठवा. मग पैसा कोण अडवतो आहे, याचे उत्तर देशाला राष्ट्राध्यक्षांकडे मागू द्या.

आम्ही मानतो की सैनिकांच्या नावाने घातलेली भीती खोटी आहे. 1973 मध्ये काँग्रेसने कायदा केला की 15 ऑगस्टनंतर इंडोचायनातल्या लढाईसाठी एक डॉलरही खर्च व्हायचा नाही. त्या तारखेला कंबोडियावरची बॉम्बफेक थांबली. कुठल्याही सैनिकाला बंदुकीत गोळी नसताना रणात सोडून दिले गेले नाही. पैसा बंद करणे म्हणजे तारीख ठरवणे, आणि त्या तारखेपर्यंत परतीचा पूर्ण खर्च देणे. 2005 मध्ये माघारीची मागणी करणारे जॉन मर्था हे मरीन दलात राहिलेले, व्हिएतनाममध्ये लढलेले गृहस्थ आहेत. त्यांना सैनिकांचे प्रेम शिकवू नका. आणि ज्यांना सैनिकांची खरोखर काळजी आहे त्यांनी वॉल्टर रीड रुग्णालयातल्या जखमी जवानांची या फेब्रुवारीत उघड झालेली आबाळ आधी पाहावी.

आम्ही मानतो की एकट्याचे मतही वाया जात नाही. 14 सप्टेंबर 2001 रोजी राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार देण्यावर प्रतिनिधीगृहात 420 विरुद्ध 1 असे मतदान झाले. तो एक आकडा बार्बरा ली यांचा होता. रॉबर्ट बर्ड यांनी 1964 मध्ये व्हिएतनाम युद्धाला वाट देणाऱ्या टॉन्किनच्या ठरावाला होकार दिला होता आणि त्याचा पश्चात्ताप त्यांना पुढे कायम राहिला. 2002 मध्ये पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर असलेले हेच बर्ड सिनेटमध्ये युद्धाविरुद्ध सर्वांत कडवे बोलले. पक्षात धैर्य नाही असे आम्ही म्हणत नाही. धैर्य आहे, पण ते मागच्या बाकांवर बसवलेले आहे. ते आम्हाला पुढच्या बाकांवर हवे आहे.

आणि विरोधी पक्ष आपले काम करतो तेव्हा काय होते, हे आमच्या जन्मभूमीने दाखवले आहे. 2003 मध्ये दिल्लीत वाजपेयींचे सरकार वॉशिंग्टनशी जवळीक वाढवत होते. तिथल्या काँग्रेस पक्षाने आणि डाव्या पक्षांनी इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठरावाचा आग्रह सोडला नाही. एप्रिलमध्ये लोकसभेने तो एकमताने मंजूर केला. अध्यक्षांच्या आसनावर मनोहर जोशी होते. पुढे अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले आणि जुलैमध्ये सरकारने नकार कळवला. ज्या विरोधकांकडे बहुमत नव्हते त्यांनी सरकारची पावले अडवली. इथल्या विरोधकांकडे आज बहुमत आहे.

आम्ही काय करणार

आम्ही प्रत्येक प्रतिनिधीचे मत नोंदवू आणि वाटू. 2002 चा ठराव आणि 24 मे 2007 चा खर्च, या दोन मतांचा तक्ता मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत, देवळांबाहेर, किराणा दुकानांच्या दारांत मिळेल. तो मराठीत असेल, इंग्रजीत असेल, आणि जो शेजारी मागेल त्याच्या भाषेत असेल.

युद्धाला मुदतीविना पैसा देणाऱ्या कोणालाही आम्ही देणगी देणार नाही, त्याच्यासाठी फोन करणार नाही, आमच्या दिवाणखान्यात त्याची सभा भरवणार नाही. तो आमच्या समाजाच्या कार्यक्रमाला येऊन दिवा लावून गेला, म्हणून हा नियम सैल होणार नाही.

आम्ही प्रायमरीत उतरू. गेल्या ऑगस्टमध्ये कनेटिकटच्या मतदारांनी युद्धसमर्थक सिनेटर जो लीबरमन यांना डावलून नेड लॅमाँट यांना उमेदवारी दिली. लीबरमन अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये जिंकले, हेही आम्ही विसरलेलो नाही. म्हणून प्रायमरीच्या विजयानंतर आमचे कार्यकर्ते घरी जाणार नाहीत. अनेक राज्यांत पक्षाचा मतदार म्हणून नाव नोंदवलेले नसेल तर प्रायमरीत मत देता येत नाही. ही नोंदणी आमचे पहिले काम आहे.

ऑगस्टच्या सुट्टीत प्रतिनिधी आपापल्या मतदारसंघात येतील तेव्हा आम्ही त्यांच्या सभांना जाऊ आणि एकच प्रश्न विचारू: तारीख कोणती? राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांनाही हाच प्रश्न आहे. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांनी 24 मे रोजी विरोधात मत दिले, त्याची नोंद आम्ही घेतली आहे. आता शेवटचा सैनिक कधी परतेल ते त्यांनी सांगावे. 2002 चा ठराव रद्द करण्याची आणि आपल्या सैन्यासाठी दुभाषाचे काम करून जीव धोक्यात घातलेल्या इराकी माणसांना इथे आसरा देण्याची मागणीही आम्ही प्रत्येक सभेत करू.

ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही त्यांनाही आम्ही बोलावतो. ग्रीन कार्डवर असलेल्या तरुणांना हे सैन्य भरती करून घेते. मग ग्रीन कार्डवर असलेल्या आईबापांना सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. मताशिवायही आवाज असतो, आणि मतदारांना मतदान केंद्रापर्यंत नेण्यासाठी गाडी चालवायला नागरिकत्व लागत नाही.

मे महिन्यात दिलेला पैसा 30 सप्टेंबरपर्यंतचा आहे. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांना पुन्हा मागावे लागेल आणि प्रत्येक प्रतिनिधीला पुन्हा मत द्यावे लागेल. जो नाही म्हणेल त्याच्यासाठी आम्ही दारोदार फिरू. जो हो म्हणेल त्याच्यासमोर पुढच्या प्रायमरीत आमचा उमेदवार असेल. तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला या आठवड्यात फोन करा, सप्टेंबरमध्ये त्याचे मत काय असेल ते विचारा, मिळालेले उत्तर लिहून आम्हाला कळवा. ते कळवलेत की तुम्ही या चळवळीचे सदस्य झालात.